किती धरायचं?

भूपाल आण्णांची आणि माझी पहिली भेट आमच्या विश्रामबागच्या अपार्टमेंटच्या जिन्यात झाली. ते तळमजल्यावर नवीन राहायला आलेले, मी दुसऱ्या मजल्यावरची जुनी. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "बाई, शाळेतनं रिटायर होऊन किती वर्षं झाली म्हनायची?" मी म्हटलं, "चार." माणूस माझ्याकडे टक लावून बघत राहिला आणि म्हणाला, "किती धरायचं?"

"धरायचं म्हणजे? चार म्हणजे चार!"

"बरं, बरं. पाच धरतो," असं म्हणून ते आपल्या दारात शिरले.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. छत्तीस वर्षं मुलींना विज्ञान शिकवलेली मी, आणि हा कोण कुठला माणूस माझं बोलणं दुरुस्त करतो? खरं सांगायचं तर साडेचार होऊन गेली होती, पण ते त्यांना सांगायची काय गरज?

पुढे कळलं की हे माझ्यापुरतं नव्हतं. दूधवाला "एकदम घट्ट हाय आण्णा" म्हणाला की "किती धरायचं?" वायरमन "अर्ध्या तासात येतो" म्हणाला की "किती धरायचं?" इस्लामपूरकडच्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांनी बत्तीस वर्षं काढली होती. शेतकऱ्यांच्या उसाच्या ट्रॉल्या काट्यावर घ्यायच्या, आकडा वाचायचा, पावती फाडायची. उसाच्या वजनातून पाल्या-पाचटाची वजावट धरतात, तशी आण्णा माणसांच्या बोलण्यातूनही धरत. सुकडा देह, पांढरी टोपी, दोरीत अडकवलेला चष्मा. बत्तीस वर्षं ट्रॅक्टरच्या धडधडीशेजारी उभं राहून उजवा कान जवळजवळ गेलेला. जिन्यात मी भाजी घेऊन येताना दिसले की पिशवी हातातून घेत, जरा वर-खाली करत आणि "सव्वातीन" म्हणून परत देत. एकदा चिडून मी घरी जाऊन मोजली. सव्वातीन भरली. मी त्यांना सांगितलं नाही.

खरं-खोटं ओळखायची त्यांची एक कसोटी होती. ती त्यांनी मला पहिल्याच महिन्यात शिकवली, जणू मी त्यांच्या हाताखाली काट्यावर रुजू झाले होते.

"बाई, ट्रॉली काट्यावर आली की आकडा नाचतोय. वर जातोय, खाली येतोय, मग सावकाश थांबतोय. त्यो खरा काटा. आन् जो ट्रॉली चढल्या चढल्या लगेच थांबतोय, त्याला कुनीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतंय. मानसाचंबी तसंच हाय. इचारल्या इचारल्या बोलला, की समजायचं हा तयारीत हुता."

या असल्या माणसाला त्यांच्या पुण्याच्या मुलाने इलेक्ट्रिक गाडी घेऊन दिली. आण्णांची बायको वारल्यावर बाप एकटा घरात बसून कुढेल, गाडी असली की हिंडेल फिरेल, असा त्या बिचाऱ्याचा हिशेब. त्याने बापाला ओळखलंच नव्हतं म्हणायचं. बत्तीस वर्षं काट्याकडे संशयाने बघितलेल्या माणसाला त्याने असा काटा दिला, की ज्याच्या आत कांडी घालून बघायची सोय नाही. डिझेलच्या गाडीत निदान टाकीत डोकावता येतं.

"बॅटरीत किती करंट हाय, ते कुनी सांगायचं?" पहिल्याच दिवशी त्यांनी मला गाडीत बसवून विचारलं.

"हे काय, समोर आकडा आलाय. दोनशे दहा किलोमीटर."

"त्यो आकडा कोन दावतंय?"

"गाडी."

"आन् करंट कोन खातंय?"

"गाडीच."

"मग?" म्हणाले. "वजन करनारा त्योच, ऊस घेनारा त्योच. किती धरायचं, सांगा की आता."

बॅटरीतून येणारा-जाणारा करंट कसा मोजतात ते मी तासभर समजावलं, त्यांनी मन लावून ऐकलं आणि शेवटी म्हणाले, "लय चांगलं शिकवता तुमी. शंभराला साठ धरू."

तेव्हापासून शंभराला साठ हाच कायदा. पार्किंगमधल्या त्यांच्या खांबावर त्यांनी खडूने दोन रकाने आखले, 'काट्यावर' आणि 'खरं'. ओळखीच्या रस्त्यावर गाडी न्यायची आणि आकडा किती उतरला ते बघायचं. कारखान्यात रोज सकाळी पहिली ट्रॉली घ्यायच्या आधी ते ओळखीच्या वजनाची जीप काट्यावर चढवून बघत, तसंच हे. मे महिन्यात एसी बंद. मी कधी सोबत गेलेच तर घामाने थबथबलेली. गाणी लावायची नाहीत, कारण रेडिओपण खातो. इस्लामपूरच्या पुढे गाडी कधी गेली नाही. निम्मा आकडा उतरायच्या आत ते माघारी वळत, मग चार किलोमीटरवर काम का असेना.

आणि चार्जिंग दिवसाउजेडी. आण्णा जैन, सूर्य मावळायच्या आत त्यांचं जेवण उरकलेलं असे. "मग हिनंच काय घोडं मारलंय? हिचंबी दिवस असताना हुंदे," म्हणत आणि चारच्या सुमाराला गाडीच्या तोंडाला पाइप लावून शेजारी खुर्ची टाकून बसत. जेवणाऱ्याला एकटं ठेवू नये म्हणून बसतात, असं मी गमतीने सगळ्यांना सांगायचे. खरं कारण वेगळं होतं. त्यांचा कुणावर विश्वास नव्हता, आणि आपल्यावरही कुणाचा नसणार हे ते धरूनच चालत.

तसा तो नव्हताच. माझाही नव्हता, हे सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. सोसायटीच्या जिन्यातले दिवे आणि पाण्याचा पंप ज्या मीटरवर चालतात, त्यावरूनच आण्णा गाडी भरतात अशी कुजबुज सुरू झाली. मला ते पटलं. जो माणूस सगळ्या जगाला चोर समजतो तो स्वतः काहीतरी करत असणार, असं माझं शहाणं डोकं म्हणालं. एका भर दुपारी, आण्णा वामकुक्षी घेत असतील असं बघून, मी पार्किंगमध्ये उतरले आणि त्यांच्या सॉकेटची वायर बोटाने धरून धरून भिंतीवरून शेवटपर्यंत गेले. वायर सरळ त्यांच्या स्वतःच्या मीटरला जात होती. परत येऊन बघते तर सॉकेटच्या झाकणावर कागदाची पट्टी डिंकाने चिकटवलेली, तिच्यावर तारीख आणि आण्णांची सही. काट्याच्या पेटीला सील लावतात ना, तसं त्यांनी स्वतःच्या सॉकेटला सील लावलं होतं. रोज लावत होते.

"बघा, बघा," मागून आवाज आला. आण्णा बनियनवर उभे. "मी तुमच्या जागी असतो तर कालच येऊन बघितलं असतं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. "आण्णा, माफ करा हो, मी आपलं सहज..."

"माफी कशाला? तुमी येऊन बघितलं तरी. ज्यानं तोंडावर संशय घेतला त्याच्यावर माझा राग न्हाई." मग ती चार्जिंगची खुर्ची त्यांनी माझ्यासाठी ओढली, स्वतः गाडीच्या बंपरला टेकले आणि मला नेमूदादांबद्दल सांगितलं.

नेमूदादा म्हणजे आण्णांचे सख्खे थोरले भाऊ. उभ्या उसाकडे बघून टनाचा अंदाज सांगण्यात पंचक्रोशीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. वीसेक वर्षांपूर्वी एका हंगामात त्यांची ट्रॉली आण्णांच्या काट्यावर आली. दादांच्या अंदाजापेक्षा आकडा दोन टनांनी कमी आला. दादा खिडकीशी उभे होते. त्यांनी आकडा बघितला, मग भावाकडे बघितलं, पावती घेतली आणि गेले. पुढच्या हंगामापासून त्यांचा ऊस दुसऱ्या कारखान्याला. गावात एकच बोलणं, भूपालनं सख्ख्या भावाचा काटा मारला. आमच्या भागात माणसाला याहून घाण शिवी नाही. तेव्हापासून दोघं बोलले नाहीत. आई गेली तेव्हा एका मांडवात दोन टोकांना उभे होते.

"आण्णा, काटा बरोबर होता का?"

आण्णा बराच वेळ खांबाकडे बघत राहिले. "मला ठाऊक न्हाई बाई. सकाळी जीप घालून बघितलेली, तवा बरूबर हुता. दादाचा अंदाजबी कधी चुकला न्हाई. दादा नुसतं म्हनला असता, भूपाल, परत घे, तर मी ट्रॉली परत चढवली असती. पर त्यो म्हनला न्हाई. आन् मीबी म्हनलो न्हाई. माझ्यावर संशय घेतोय व्हय, म्हनून ताठ बसून ऱ्हायलो. एकदा परत घेतली असती तर हो! पाच मिनटाचं काम हुतं."

त्यानंतर मी त्यांच्या 'किती धरायचं'वर फारशी चिडले नाही. चिडले, पण कमी.

गेल्या फेब्रुवारीत एका सकाळी त्यांनी माझं दार वाजवलं. टोपी घातलेली, पायात बूट. पुतण्याचा, म्हणजे नेमूदादांच्या सुकुमारचा फोन आला होता. दादांना साताऱ्याच्या दवाखान्यात हलवलंय, छाती पाण्याने भरलीय, डॉक्टर आजचा दिवस म्हणतायत.

"आजचा दिवस म्हंजे दुपार धरायची," आण्णा म्हणाले. "तुमी येता का? ते मोबाइलवरचं चार्जिंगचं मला जमत न्हाई. तुमी फोन बघा, मी रस्ता बघतो."

"आण्णा, दुसरी गाडी करू या ना!"

"आता कोन गाडी मिळंल, ड्रायव्हर कवा यील, कोन सांगावं? हिचं काय खरं, काय खोटं, मला तोंडपाठ हाय."

गाडी पूर्ण भरलेली नव्हती. काट्यावर एकशे अडुसष्ट. सातारा एकशे तीस. माझ्या मते भागत होतं. आण्णांच्या मते एकशे अडुसष्टचे झाले शंभर, म्हणजे कराडच्या पुढे कुठेतरी आम्ही रस्त्यावर. तेव्हा कराडला थांबून गाडी भरणं आलं. मी भांडले. पेठ नाक्याला हायवेला लागेपर्यंत भांडत होते. पण त्यांची नजर काचेतून पुढे, आणि एसी बंद.

कराडजवळ एका हॉटेलच्या मागे चार्जिंगची दोन यंत्रं होती. फोनवर दोन्ही हिरवी, मोकळी दिसत होती. जाऊन बघतो तर एकाच्या पाइपाच्या टोकाला प्लास्टिकची पिशवी बांधलेली, यंत्रावर खडूने 'बंद'. दुसऱ्याला एक गाडी जोडलेली आणि मालक हॉटेलात जेवायला.

"बघा, तुमचं हिरवं," आण्णा म्हणाले.

मॅनेजर धावत आला. "पंधरा मिनटात मोकळं हुतंय साहेब!"

"लगेच बोलला," आण्णा माझ्याकडे वळून म्हणाले. "तास धरा."

आमच्या गाडीच्या काट्यावर चौऱ्याऐंशी होते. सातारा बावन्न. मी ओरडलेच, "आण्णा, चौऱ्याऐंशीत बावन्न जातात! पहिलीतलं पोर सांगेल!"

"चौऱ्याऐंशीचं पन्नास. दोन कमी पडत्यात," ते म्हणाले. पण त्यांचा आवाज बारीक झाला होता. दोन संशय एकमेकांच्या अंगावर आले होते बिचाऱ्याचे. डॉक्टरच्या बोलण्यात वजावट धरली तर थांबायला वेळ नव्हता, आणि गाडीच्या आकड्यात धरली तर निघता येत नव्हतं. उन्हात उभे राहून ते त्या परक्या गाडीच्या पाइपाकडे नुसते बघत होते. आयुष्यात इतका हताश माणूस मी बघितला नाही.

एवढ्यात सुकुमारचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"काका, कुठं हाय तुमी?"

"कराडात. सुकुमार, खरं सांग. दादानं माझं नाव काढलंय का तूच आपला बोलावतोयस?"

पलीकडे सुकुमार बोलेचना. मला वाटलं फोन कट झाला. मग तो म्हणाला, "आधी न्हाई काढलं, काका. कालपर्यंत न्हाई. पर आज सकाळपासनं दोनदा इचारलं, भूपाल आला का म्हनून."

आण्णांनी माझ्याकडे बघितलं. "थांबला बघा," ते म्हणाले. "बोलायच्या आधी थांबला. खरं हाय." आणि भरभर गाडीत जाऊन बसले. डोक्यावरची टोपी काढली आणि स्टिअरिंगमागच्या पडद्यावर घातली, आकड्यावर, पार झाकेपर्यंत.

"अहो आण्णा, वेग किती ते तरी कळायला नको का?"

"त्या ट्रकाच्या मागनं जातो. चला."

बावन्न किलोमीटर तो माणूस उघड्या डोक्याने गाडी चालवत होता. काशीळच्या पुढे एकदा त्यांचा हात टोपीकडे गेला. मी म्हटलं, "आण्णा." हात मागे आला. त्यांच्या ओठांवर णमोकार मंत्र चालला होता, माझ्या मनात माझे देव. दवाखान्याच्या आवारात गाडी लावल्यावर मी टोपी उचलून बघितलं. बत्तीस उरले होते. त्या काट्याने आम्हाला एका किलोमीटरलाही फसवलं नव्हतं. आण्णांनी ते बघितलंसुद्धा नाही, ते जिन्यावर पोचले होते.

नेमूदादा शुद्धीवर होते, पण तोंडावर मास्क, आणि छाती भात्यासारखी वर-खाली होत होती. सुकुमार औषधं आणायला खाली गेलेला. आण्णा पलंगाशी उभे राहिले. दोघंही सारखेच दिसत होते, तेच कान, तेच कपाळ. दादांनी बोटं हलवली, आण्णांनी हात धरला. मग दादा काहीतरी बोलले. आण्णांचा उजवा, बंद कान त्यांच्याकडे होता. मी पलीकडून वाकले.

मला 'भूपाल' ऐकू आलं. मग 'काटा' ऐकू आलं. त्यापुढे मास्कमध्ये नुसती वाफ झाली. काटा बरोबर होता म्हणाले, की काटा मारलास म्हणाले, देव जाणे. मी शपथेवर सांगते, मला कळलं नाही.

"काय म्हनला?" आण्णांनी मला विचारलं. वीस वर्षांनी.

"तुमचा काटा बरोबर होता म्हणाले," मी म्हटलं.

आण्णांनी माझ्याकडे बघितलं, भाजीची पिशवी हातात धरून बघत तसं. "किती धरायचं, बाई?"

"पुरं धरा, आण्णा."

ते पलंगाच्या कडेवर बसले आणि भावाच्या हातावर डोकं ठेवून हमसून हमसून रडले. दादांचा दुसरा हात उठत उठत त्यांच्या पाठीवर येऊन पडला. मी बाहेर आले. दादा त्याच संध्याकाळी, दिवस असतानाच गेले. गाडी मग साताऱ्यातच एके ठिकाणी भरून घेतली. मी शेजारी उभी राहिले, आण्णांना बसायला खुर्ची मिळाली नाही.

पुढे दोन महिन्यांत सुकुमारने त्यांना गावी राहायला बोलावलं. "काकाचं घर हाय ते," म्हणाला. गावात ज्यांनी वीस वर्षं तोंड फिरवलं होतं, त्यांच्यात जाऊन राहायचं म्हणजे सोपं नव्हतं, पण आण्णा तयार झाले. सामान टेम्पोतून पुढे गेलं आणि एका सकाळी ते गाडी घेऊन निघाले. मी निरोप द्यायला गेटपर्यंत गेले. त्यांनी काच खाली केली.

"बाई, एक सांगायचं ऱ्हायलं. त्या दिवशी दवाखान्यात मी इचारलं, आन् तुमी लगेच बोलला. आकडा नाचलाच न्हाई."

छत्तीस वर्षं मुलींचं खोटं पकडलेली मी, आज स्वतःच पकडले गेले. "आण्णा, अहो मी..."

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "पुरं धरलंय मी."

त्यांनी काच वर केली. गाडी काही आवाज न करता गेटबाहेर पडली आणि इस्लामपूरच्या रस्त्याला लागली. टोपी त्यांनी त्या पडद्यावरच ठेवली होती.